ज्याचा डाव, त्याचाच हात

जिंकल्यावर पट उधळणारं माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ती माझी थोरली नणंद.

रविवारची दुपार. टीपॉयवर मी केलेला खेळ मांडलेला. 'आठवडी बाजार' त्याचं नाव. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे पत्ते, त्यांवर वांगी, दोडका, आलं, कोथिंबीर. पाच भाज्या ज्याच्या आधी जमतील तो जिंकला.

"झालं! ताई जिंकली!" माझा नवरा विलास टाळ्या वाजवत म्हणाला.

"पुन्हा ताईच! वा!" आमच्या शेजारच्या शमीमभाभींनीही सूर मिळवला.

प्रमिलाताई समोरच्या भाज्यांकडे बघत राहिल्या, आमटीत झुरळ सापडल्यावर बघावं तशा. मग त्यांचा हात सरकला, आणि पट, पत्ते, चिंचोके, सगळा बाजार टीपॉयवरून खाली गेला.

"अगं ताई, लागलं का कुठं?" विलास उठलाच.

"हात लागला चुकून. माझ्या हाताचं काही खरं आहे का आता?"

विलासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाभी चिंचोके शोधायला सोफ्याखाली वाकल्या. मी एकटी जागची हलले नाही. मी खेळत नव्हते. आपला खेळ लोक कसा खेळतात ते बघायला मी बाजूला स्टुलावर बसायचे, ती माझी सवय. म्हणून मला दिसलं होतं. ताईंचा अधू हात, उजवा, मांडीवरच्या टॉवेलखाली पडून होता. उधळला तो डाव्या हातानं. चांगल्या.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कऱ्हाडला तहसील कचेरीच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं, अजूनही आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लग्नपत्रिका. लग्नसराई सरली की गेल्या वर्षीच्या नमुन्यांचा ढीग उरायचा. जाड, गुळगुळीत, कोपऱ्यात गणपती. टाकवत नसे. मुलगा शाळेत असताना त्याच्या वाढदिवसाला मी त्यातून कऱ्हाडची सापशिडी केली. स्टँडवर साप, घाटावर शिडी. तो दोन डाव खेळला आणि म्हणाला, "आई, पण यात मी काय केलं? सगळं तर फासाच खेळला."

ही माझी पहिली शिकवणी. पुढच्या सगळ्या अशाच फुकटात झाल्या. रद्दीवाल्याकडे अर्धवट खेळांचे डबे यायचे, कुणात नियमांचा कागद नाही, कुणात निम्म्या सोंगट्या गायब. ते मी आणायचे आणि हाडांवरून जनावर ओळखावं तसा उरलेल्या सोंगट्यांवरून खेळ ओळखायला बघायचे. घरचे पत्तेही सोडले नाहीत. झब्बूतला एक नियम काढला तर खेळ उभा राहतो का? बदामसातमध्ये कुणी कुणाला अडवायचंच नाही असं ठरवलं तर? (पाच मिनिटांत सगळे जांभया देतात. करून बघा.) असं मोडून मोडून शिकले. मग छोटे छोटे स्वतःचे खेळ करायला लागले. घरात त्यांवर एकच शेरा मिळायचा, "छान आहे." विलास तर पत्ते वाटायच्या आधीच छान म्हणून मोकळा व्हायचा. मी त्याला समोर 'अहो' म्हणते, लिहिताना 'तो' म्हणते. एवढी मोकळीक तरी लेखणीनं द्यावी.

ताई मात्र वेगळ्या होत्या. सांगलीला मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका. लग्न केलं नाही. दोन पिढ्यांच्या मुलींना त्यांनी खो-खोत पळवलं. मे महिन्यात त्या आमच्याकडे यायच्या आणि दुपारी पत्ते व्हायचे. बदामसातमध्ये चौकटची अठ्ठी दाबून बसायच्या. बाकीचे हातात नश्श्या-दश्श्या घेऊन गयावया करायचे आणि ताई शांतपणे शेंगा सोलायच्या. "ताई, सोड की गं ती अठ्ठी!" "कुठली अठ्ठी? माझ्याकडं असती तर दिली नसती का?" आणि डाव संपला की शेवटी पदराखालून अठ्ठी.

माझ्या लग्नानंतरचा पहिला मे. मला पत्ते फारसे येत नव्हते. विलास म्हणाला, "ती नवीन आहे, तिला लिंबूटिंबू घेऊ." म्हणजे अंगणातल्या खेळात धाकट्या पोराला घेतात तसं. त्यानं पळावं, ओरडावं, पण आऊट झालं तरी ते आऊट नाही. त्याच्यामागं कुणी खरं धावत नाही.

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "सप्तपदी झालीय ना तिची? मग आऊट पण होईल. वाट पत्ते."

ती अख्खी दुपार मी हरले. संध्याकाळी कणीक मळताना वेगळं पाणी जरा कमीच लागलं. दुसऱ्या दिवशीही हरले. तिसऱ्या दिवशी मी किलवरची छक्की दाबून धरली आणि ताईंच्या हातात तीन किलवर कुजले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "लबाड आहेस हं तू," म्हणाल्या. मंगळसूत्र गळ्यात पडलं त्या दिवशी नाही, छक्की दाबली त्या दिवशी मला वाटलं की मी या घरात आले.

अशा ताई शाळेच्या मैदानावर, शिट्टी तोंडात असतानाच कोसळल्या. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालू झाला, हात मात्र राहिला. आम्ही त्यांना कऱ्हाडला घेऊन आलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हे सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. हात वापरला तर बराच परत येईल. नाही वापरला तर असाच राहील." व्यायाम करून घ्यायला एक गोड मुलगी यायची. तिनं रबरी चेंडू हातात दिला की ताई तो नुसता धरून ठेवायच्या. बोट जरा हललं की मुलगी म्हणायची, "शाब्बास मावशी! खूप छान!" तिसऱ्या आठवड्यात ताईंनी चेंडू धरणंही सोडलं.

आणि एक दिवस सांगलीच्या ब्लॉकची किल्ली विलासच्या हातात ठेवली. "विकून टाक. एका हातानं कुलूपसुद्धा निघत नाही माझ्यानं. मी काय करू तिथं?"

तो ब्लॉक ताईंनी स्वतःच्या पगारातून घेतला होता. विलासनं किल्ली फ्रीजवर ठेवली. एजंटचे फोन यायला लागले. विलास "बघू, कळवतो" म्हणत दिवस ढकलायचा. पण किती ढकलणार?

जो हात चेंडू धरत नाही तो कदाचित पत्ता धरेल, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी ताईंसाठी खेळ करायला लागले. मला नाही म्हणणं त्यांना जमत नसे म्हणून त्या बसायच्या. डाव्या हातानंच खेळायच्या. आणि प्रत्येक वेळी जिंकायच्या. प्रत्येक वेळी जिंकून आधीपेक्षा गप्प व्हायच्या.

त्यात हा बाजार उधळला.

सोमवारी दुकानात मी तोच खेळ घेऊन बसले. कुठं बिघडलं? पत्ते जास्त झाले? भाज्या कमी पडल्या? शेजारचं शिवणकामाचं दुकान भाभींचं. त्यांनाच बोलावलं. "या, एक डाव टाकू. गिऱ्हाईक नाही."

आणि काय सांगू, तो डाव रंगला! भाभींनी आल्याचा पत्ता मोजपट्टीच्या डबीत लपवला. मी पकडला. "हे चीटिंग आहे," मी म्हटलं. "चीटिंग कसलं, बाजारात माल दडवत नाहीत?" असं त्यांचं उलट. आम्ही इतक्या हमरीतुमरीवर आलो की सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा काउंटरवर कोपर टेकून उभेच राहिले. मला म्हणाले, "बाई, त्यांना कोथिंबीर देऊ नका. त्या त्याचीच वाट बघताहेत."

भाभी जिंकल्या. वर दुकानाच्या दारात जाऊन रसवंतीवाल्यालाही सांगून आल्या.

"भाभी," मी म्हटलं, "काल घरी तुम्ही असं का नाही खेळलात?"

"काल?" त्या हसल्या. "अगं, आजाऱ्याच्या पुढ्यात कुणी जिंकतं का? काल माझ्या पाच भाज्या कधीच्या झाल्या होत्या. दाबून ठेवल्या."

घरी आल्यावर विलासला विचारलं. तो पेपर वाचत होता. "मी तर पत्ते बघतच नव्हतो. ताईला वांगं पाहिजे असं वाटलं की वांगं टाकायचो."

"आणि आधीच्या खेळांत?"

"तेव्हाही." त्यानं पेपर खाली घेतला. "का? तिला बरं वाटावं म्हणून. वाटतं ना?"

मी फ्रीजवरच्या किल्लीकडे पाहिलं. मला किलवरची छक्की आठवली.

"यापुढं ताईंना मुद्दाम जिंकू द्यायचं नाही," मी म्हटलं.

"बरं."

"खरं खेळायचं."

"बरं म्हटलं ना."

त्यानं प्रयत्न केला, नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी ताईंबरोबर झब्बू खेळायला बसला आणि हातातला एक्का असा काही कपाळाला आठ्या घालून मागं ठेवला की आंधळ्यालाही दिसावं. दया सर्दीसारखी असते, दाबली की जास्त वाजते. ताईंनी पत्ते खाली ठेवले. "दमले मी," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्याच दिवशी त्यांनी विलासला विचारलं, "एजंटाचं काय झालं?"

नवरा बदलणं माझ्या हातातलं नव्हतं, पंचवीस वर्षं करून बघितलं होतं. नियम बदलणं हातातलं होतं. प्रश्न सरळ होता. कुणाला मुद्दाम जिंकवताच येणार नाही असा खेळ कसा करायचा?

आठवडाभर मी झेरॉक्स काढता काढता तोच विचार केला. एका वकिलांना त्यांचीच पानं उलटी काढून दिली. नशिबाचा खेळ केला तर दयेला वाव राहत नाही, पण मग सापशिडी झाली, फासाच खेळणार. ताईंना ती दोन मिनिटांत कळली असती. एकेक खेळ आठवून बघितला. आणि मेंढीकोटाशी अडखळले. मेंढीकोट खेळताना आमच्याकडे हुकुमाचा पत्ता झाकून ठेवतात. कशाला? उघडा ठेवला तर काय बिघडतं? मी काउंटरवर एकटीच दोन्ही बाजूंनी खेळून बघितलं. उघडा ठेवला की सगळ्यांना कळतं कुणाला काय द्यायचं. झाकला की प्रत्येकजण आपापलं बघतो.

दया करायची तर कुणावर ते आधी कळायला हवं. तेच कळलं नाही तर?

भाभींकडून कोटाची पाच मोठी बटणं आणली. तांबडं, हिरवं, निळं, पिवळं आणि पांढरं. पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर वळणावळणाची वाट काढली, शेवटी एक घर. बटणं सुरुवातीला नाही, वाटेच्या मध्यावर मांडायची. त्याच पाच रंगांच्या बोटाच्या पेराएवढ्या चिठ्ठ्या लॅमिनेट केल्या. प्रत्येकानं एक उचलायची, आपला रंग कुणाला सांगायचा नाही. चार फोडलेले चिंचोके टाकायचे. जितके पांढरे पडतील तितकी घरं कुठलंही एक बटण पुढं, जितके काळे पडतील तितकी घरं दुसरं कुठलंही मागं. बटण आपलं असो वा नसो. पहिलं बटण घरात पोचलं की ते ज्याचं त्यानं चिठ्ठी दाखवायची, तो जिंकला. जो सगळ्यांत मागं, तो गाढव.

त्यात आणखी दोन नियम घातले. चिठ्ठी शेवटपर्यंत डाव्या मुठीत बंद ठेवायची, मूठ उघडली की डाव गेला. आणि दुसरा, ज्याचा डाव त्याचाच हात. त्याच्या चिंचोक्यांना, बटणांना दुसऱ्या कुणी शिवायचं नाही.

रविवारी टीपॉयवर पट मांडला. या वेळी चौथी मी बसले. नियम सांगितले. ताईंनी ऐकून घेतले, पटाकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे, मग माझ्याकडे. मी नजर चुकवून बटणं पुसत राहिले.

"वाट चिठ्ठ्या," त्या म्हणाल्या.

चौघांनी चार उचलल्या, पाचवी डबीत गेली. ताईंनी आपली बघितली आणि डावी मूठ मिटली. पहिला डाव त्यांचा. टॉवेल बाजूला झाला. उजवा हात टीपॉयवर आला, बोटं आत वळलेली. त्यांनी चिंचोक्यांवर तो ठेवला आणि ओढला. तीन आले, एक घरंगळून खाली गेला.

विलास वाकला.

"ज्याचा डाव त्याचाच हात," मी म्हटलं.

"अगं पण..."

"नियम आहे, भाईजान," भाभी म्हणाल्या. "बसा गुमान."

ताई वाकल्या. खूप वेळ गेला. विलास पंख्याकडे बघत होता. भाभींनी उगीच बांगड्या मागं-पुढं केल्या. चिंचोका चिमटीत आला, सुटला, पुन्हा आला. ताईंनी चारही टाकले. तीन पांढरे, एक काळा. त्यांनी तर्जनीनं तांबडं बटण ढकललं, तीन घरं. मग हिरवं एक घर मागं.

विलासचा चेहरा उजळला. मला त्याच्या डोक्यातला दिवा लागलेला स्पष्ट दिसला. ताईंच्या संघाच्या पट्ट्या तांबड्या, शिट्टीची दोरी तांबडी. आणि पहिलंच बटण तांबडं! त्याच्या डावाला दोन पांढरे पडले. तांबडं पुढं. पुढच्या डावालाही तांबडं. भाभींनी एकदा तांबडं मागं टाकलं तर हा तोंडातल्या तोंडात "अरेरे" म्हणाला. मी टीपॉयखालून पायानं डिवचलं, उपयोग नाही. ताई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या मधेच निळं पुढं सरकवायच्या, हिरव्याला कुणीतरी मागं टाकलं तर खांदे उडवायच्या. हात थरथरत होता, पण चेहऱ्यावर काही नाही. हा चेहरा मी कुठंतरी पाहिला होता. शेंगा सोलतानाचा!

विलासला चार पांढरे पडले. त्यानं तांबडं बटण उचललं आणि थेट घरात नेऊन ठेवलं.

"जिंकली!" तो ओरडला. "ताई जिंकली!"

"ताई कुठं?" भाभींनी मूठ उघडली. "तांबडं माझं."

विलास भाभींच्या तळहाताकडे बघत राहिला. मग पटाकडे. वाटेच्या पार सुरुवातीला, सगळ्यांच्या मागं, हिरवं बटण एकटं पडलं होतं. ताईंनी हळूहळू डावी मूठ उघडली.

हिरवी.

विलासचा चेहरा असा पडला की जणू त्यानं ताईंना जिन्यावरून ढकललं होतं. "ताई, मला खरंच वाटलं... मी तर तुझ्यासाठीच..."

"गाढवा!" ताई म्हणाल्या. "तांबडं मी तुम्हाला फसवायला हलवलं होतं! सगळे त्याला मागं ओढतील आणि माझं हिरवं गुपचूप निघेल म्हणून. आणि तू? तू त्याला कडेवर घेऊन घरी पोचवलंस! तुझ्या दयेनं माझा डाव घालवला रे, विल्या!"

आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग सगळ्याच. तोंड अजून एका बाजूला किंचित वाकडं व्हायचं, त्या वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाभी हसायला लागल्या. विलास रडत होता की हसत होता ते त्यालाही कळत नसावं.

"हरले," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "सपशेल हरले. गाढव झाले. मांड परत."

संध्याकाळ झाली तरी आम्ही उठलो नाही. ताई दोनदा जिंकल्या, बाकीच्या वेळी हरल्या. एकदा मी त्यांचं बटण घराच्या दारातून मागं खेचलं तेव्हा त्या मला जे म्हणाल्या ते इथं लिहिता येणार नाही. विलास शेवटी शेवटी खरा खेळायला लागला होता, कारण त्याला पर्यायच नव्हता. दया करायची म्हटली तर ती भाभींना जाऊन लागत होती.

मंडळी पांगल्यावर मी पट आवरायला घेतला. ताई म्हणाल्या, "डावी मूठ बंद ठेवायची म्हणे. कुणाला शिकवतेस?"

मी बटणं गोळा करत राहिले.

"शेवटची घरं फार लांब आहेत. तिथं खेळ रटाळ होतो. आणि ते पाचवं, मालक नसलेलं बटण पहिल्या दोन डावांत कुणी शिवतच नाही. त्याचा काहीतरी बंदोबस्त कर. आणि चिंचोके तीनच ठेव, चार जास्त होतात."

मी हातातली बटणं तशीच धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत माझ्या खेळाबद्दल 'छान आहे'च्या पुढचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आणि तो बाजार?" मी विचारलं.

"भिकार होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला लिंबूटिंबू केलंत," ताई म्हणाल्या. "म्हटलं, मीही हिला करते. फिटंफाट." मग म्हणाल्या, "ती पोरगी रोज शाब्बास म्हणते. मी जन्मभर मुलींना शाब्बास म्हणत आले, उज्ज्वला. खरा कुठला आणि पोकळ कुठला, मला कळत नाही का? ज्याला कुणी हरवायलासुद्धा तयार नाही, त्यानं उठायचं कशाला गं?"

मी चहा टाकायला आत गेले. चहा जरा जास्तच वेळ उकळू दिला.

शेवटची घरं मी कमी केली. चिंचोके तीन केले. त्या बिनमालकाच्या बटणाचा बंदोबस्त करायला मला पुढं वर्ष लागलं, तो वेगळा विषय. व्यायामाच्या मुलीला ताईंनी सांगितलं, "शाब्बास बंद. कुठं चुकतं ते सांग." बिचारी आधी घाबरली, मग उत्साहानं चुका काढायला लागली. एजंटाचा फोन आला तेव्हा ताईंनी विलासच्या हातातून तो घेतला, उजव्या हातात धरायला बघितला, पाडला, उचलला आणि म्हणाल्या, "विकायचा नाही."

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही त्यांना सांगलीला पोचवायला गेलो. हात पूर्ण आला नव्हता. आजही आलेला नाही. लिहितात डाव्यानं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रिक्षावाला भला माणूस, बॅगा घेऊन वर आला. दारात विलासनं खिशातून किल्ली काढून ताईंच्या हातावर ठेवली. ताईंनी डाव्या हातानं कुलूप धरलं आणि उजव्या हातानं किल्ली लावायला गेल्या.

किल्ली सुटली. फरशीवर खणखणली आणि उंबऱ्याशी जाऊन पडली.

रिक्षावाला वाकला. विलासनं त्याचा दंड धरला.

"राहू द्या," तो म्हणाला. "त्यांचा डाव आहे."

रिक्षावाल्यानं आम्हा दोघांकडे असं बघितलं की काय दगडाच्या काळजाची माणसं आहेत. विलासनं मान वळवली नाही. आपले दोन्ही हात त्यानं पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते, इतके घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. खाली कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ताई काठीवर भार देऊन वाकल्या. किल्ली बोटात आली, सुटली, आली. मग कुलपाशी. भोक सापडेना. मग सापडलं.

खट्.

कुलूप निघालं. दार ढकलून ताई आत पाऊल टाकत होत्या. मागं वळूनही न बघता म्हणाल्या,

"श्वास सोड आता, विल्या."